वाचकांचे प्रश्न: बर्फाखालचं पाणी आणि एका गावाची वीज

मागच्या अंकात ग्रीनलंडमधल्या छोट्या जलविद्युत केंद्रांवर एक टिपण दिलं होतं. नूकजवळचं बुक्सेफ्योर्ड (१९९३), पूर्व किनाऱ्यावरच्या तासिलाकचं जेमतेम सव्वा मेगावॉटचं, सिसिमियुतचं १५ मेगावॉटचं (२०१०) आणि आर्क्टिक वृत्ताच्या बरंच वर, इलुलिसातचं साडेबावीस मेगावॉटचं (२०१३). यातलं प्रत्येक केंद्र एकेका गावासाठी आहे. गावांना जोडणारी राष्ट्रीय ग्रीड तिथे नाही. टिपण लहान होतं, पण पत्रं भरपूर आली. ठाणे-बेलापूर पट्ट्यातून वीज क्षेत्रातल्या जाणत्या मंडळींनी खोलात जाऊन विचारलं आहे, म्हणून उत्तरंही तशीच देत आहोत.

नदी गोठली की टर्बाइन बंद पडायला हवं. मग उणे तीस अंशांत ही केंद्रं चालतात कशी? (वाचक, ऐरोली)

गोठतो तो पाण्याचा वरचा थर. चार अंशांचं पाणी सर्वांत जड, ते तळाशी जातं. त्याहून थंड पाणी हलकं, ते वर राहतं आणि गोठतं. एकदा मीटर-दीड मीटर जाडीचा बर्फ धरला की खालच्या पाण्याची उष्णता बाहेर जाणं फार मंदावतं. म्हणून पाणी उचलण्याचं तोंड खोल तळ्यात, बर्फाच्या बरंच खाली ठेवतात. तिथे भर हिवाळ्यातही एक-दोन अंशांचं वाहतं पाणी मिळतं. जाड बर्फ हा या केंद्राचा मित्रच आहे.

शत्रू आहे बर्फ धरण्याआधीचे काही दिवस. ऑक्टोबर-नोव्हेंबरची निरभ्र रात्र, जोराचा वारा, पाण्याचा पृष्ठभाग अजून उघडा. अशा वेळी खळाळतं पाणी शून्याच्या खाली, अंशाच्या काही शतांश भागाइतकं उतरतं, पण गोठत नाही. मग त्यात एकदम लाखो बारीक चकत्या तयार होतात. हा फ्रॅझिल बर्फ. या अवस्थेत तो विलक्षण चिकट असतो. पाण्याबरोबर खोलवर ओढला जातो आणि कचराजाळीच्या (तोंडावर कचरा अडवायला बसवलेल्या जाळीच्या) लोखंडी पट्ट्यांवर बसतो. पट्टीवर पहिला थर बसला की त्यावर दुसरा. चार-सहा तासांत जाळी पूर्ण बंद होऊ शकते. नियंत्रण कक्षात दिसतं ते एवढंच: जाळीच्या अलीकडची आणि पलीकडची पाणीपातळी यांतला फरक वाढत चाललाय आणि मशीनचं उत्पादन हळूहळू खाली येतंय.

इथे घाईनं टर्बाइनचं गेट आणखी उघडणारा चालक फसतो. प्रवाह वाढला की जास्त फ्रॅझिल ओढला जातो. करायचं ते उलट. हवामानाचा अंदाज पाहून संध्याकाळीच डिझेल सेट चालू करायचा, टर्बाइनचा भार उतरवायचा आणि तोंडाजवळ पाण्याचा वेग सेकंदाला साधारण ०.६ मीटरच्या खाली आणायचा. संथ पाण्यावर बर्फाची साय धरते, आणि एकदा ती धरली की खाली फ्रॅझिल तयार होणंच थांबतं. साय लवकर धरावी आणि फुटू नये म्हणून तोंडाच्या वरच्या अंगाला तरंगते ओंडके साखळीनं बांधून आडवे सोडतात. जाळीच्या पट्ट्या पाण्याबाहेर डोकावत असतील तर लोखंड हवेतली थंडी थेट खाली पोचवतं, म्हणून जाळी पूर्ण बुडालेली हवी. काही ठिकाणी पट्ट्या विजेनं तापवतात. शून्याच्या किंचित वर ठेवलं तरी पुरतं, मात्र हीटर बर्फ बसायच्या आधी लावायला हवा. जाळी एकदा भरली की तेवढ्या विजेत ती सुटत नाही. सूर्य वर आला की फ्रॅझिल सहसा थांबतो, म्हणजे लढाई एका रात्रीची असते. पण अशा रात्री लागोपाठ येतात.

मी डिप्लोमाला आहे. अशा गावाला नेमकं किती पाणी साठवावं लागतं, याचं गणित दाखवाल का? (विद्यार्थिनी, कोपरी, ठाणे पूर्व)

जरूर, आणि हे गणित कागदावर स्वतः करून पाहा. लहान केंद्रासाठी सोपं सूत्र: किलोवॉट = ८ × प्रवाह (घनमीटर प्रतिसेकंद) × हेड (पाणी जितक्या उंचीवरून खाली येतं ती उंची, मीटर). खरा गुणक ९.८१, पण टर्बाइन, जनित्र आणि टर्बाइनकडे पाणी नेणाऱ्या मोठ्या नळातली (पेनस्टॉकमधली) घट धरून ८ घ्यायचा.

दीड-दोन हजार वस्तीचं गाव धरू. सरासरी मागणी १ मेगावॉट, हेड ६० मीटर. प्रवाह लागेल १००० ÷ (८ × ६०) म्हणजे सुमारे २.१ घनमीटर प्रतिसेकंद. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी गुणा: रोज १.८ लाख घनमीटर, म्हणजे ०.१८ दलघमी (दशलक्ष घनमीटर). ऑक्टोबर ते मे मध्य असे २२० दिवस नदीतून नवं पाणी जवळजवळ येत नाही असं धरलं, तर साठा हवा सुमारे ४० दलघमी. नवी मुंबईला पाणी देणारं मोरबे धरण सुमारे १९० दलघमीचं. म्हणजे त्याच्या पाचव्या हिश्शाहून थोडं जास्त पाणी एका खेड्याएवढ्या वस्तीच्या दिव्यांसाठी!

आता हेड ३०० मीटर करून पाहा. साठा एकदम ८ दलघमीवर येतो. खोपोली, भिवपुरी आणि भिरा या केंद्रांना सह्याद्रीच्या माथ्यावरून पाचशे मीटरच्या आसपास हेड मिळतं, त्यांचं मोल यावरून लक्षात येईल. आर्क्टिकमध्ये जागा निवडताना मोठ्या नदीपेक्षा उंचावरचं खोल तळं आधी शोधतात ते याचसाठी.

पुस्तकी उदाहरणात एक गोष्ट सहसा नसते. तळं ऑक्टोबरात ५ चौरस किलोमीटर आणि मेमध्ये, पातळी दहाएक मीटर उतरल्यावर, ३ चौरस किलोमीटर उरलं असं धरा. मधला बर्फ तरंगत पाण्याबरोबर खाली येतो, त्याचं नुकसान नाही. पण काठावरचा २ चौरस किलोमीटरचा बर्फ उतारावर तसाच बसून राहतो. दीड मीटर जाडी धरली तर २ × १.५ × ०.९ = २.७ दलघमी पाणी वितळेपर्यंत हाती लागत नाही. आपल्या गावाची ही पंधरा दिवसांची वीज झाली! सगळा बर्फ पहिल्या आठवड्यात धरत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा कमी येईल, पण तो शून्य धरणारा आराखडा मे महिन्यात तोंडघशी पडतो.

भातसा धरणाच्या पायथ्याशीही लहान वीजघर आहे. मग फरक फक्त थंडीचाच ना? (वाचक, वागळे इस्टेट)

नाही, मोठा फरक वेळापत्रकाचा आहे. भातशाचं वीजघर १५ मेगावॉटचं. पाणी सुटतं ते मुख्यतः मुंबईची तहान भागवायला. ते नदीनं पिसेपर्यंत जातं, तिथे उचललं जातं. वीज ही जाता जाता मिळालेली जोड. ती कमी-जास्त झाली तरी ठाण्यात कुणाला कळत नाही, कारण मागे अख्खी ग्रीड उभी आहे.

आर्क्टिकच्या गावात पाण्याला वीज हेच काम, आणि मागे कुणीही नाही. साठवणीचा हिशोब मात्र ओळखीचा वाटेल. आपण चार महिन्यांच्या पावसावर आठ महिने काढतो, ते चार-पाच महिन्यांच्या वितळीवर सात-आठ महिने काढतात. पण तिथे मागणीचा कळस नेमका नदी आटलेली असते तेव्हाच येतो.

एकट्या केंद्रावर फ्रिक्वेन्सी सांभाळायची म्हणजे काय अडचणी येतात? (निवृत्त वीज अभियंता, कळवा)

आपल्या शेजारीच, ऐरोलीत, राज्यातल्या विजेची मागणी आणि पुरवठा यांचा मेळ घालणारं राज्य भार प्रेषण केंद्र आहे, त्यामुळे ५० हर्ट्झ फ्रिक्वेन्सी (विजेची सेकंदाला ५० आवर्तनं) म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. पण देशाच्या ग्रीडवर कमाल मागणी दोन लाख मेगावॉटच्या वर जाते. तिथे २०० किलोवॉटची मोटार कुणाच्या खिजगणतीत नसते. १ मेगावॉटच्या एकट्या केंद्रावर तीच मोटार २० टक्के भार आहे, आणि मासे गोठवण्याच्या कारखान्यात अशा कॉम्प्रेसर मोटारी असतातच.

जडत्वाचा स्थिरांक (फिरत्या मशीनमध्ये साठलेली ऊर्जा पूर्ण भार किती सेकंद पुरवेल तो आकडा) २.५ सेकंद धरला, तर २० टक्के भार अचानक आल्यावर मशीन मंदावतं आणि फ्रिक्वेन्सी सुरुवातीला सेकंदाला २ हर्ट्झ वेगानं पडते. गव्हर्नर, म्हणजे टर्बाइनचा वेग सांभाळणारं यंत्र, गेट उघडायला लागतो, पण पाणी लगेच वेग घेत नाही. गेट उघडताक्षणी नळाच्या टोकाचा दाब उतरतो, म्हणून पहिला क्षणभर ताकद वाढायच्या ऐवजी कमीच होते. नळ जितका लांब, तितका हा उलटा झोल मोठा. आणि भार अचानक गेला तर गेट झटकन बंदही करता येत नाही. पोलादी नळात दाबाची लाट सेकंदाला साधारण १००० मीटर धावते. पाण्याचा वेग २ मीटर असेल आणि ते एकदम थांबवलं, तर दाब सुमारे २०० मीटर उंचीच्या पाण्याइतका वाढतो. ६० मीटर हेडसाठी बांधलेला नळ तो कुठून सोसणार?

म्हणून उपाय गव्हर्नरच्या बाहेर शोधावे लागतात. जनित्राच्या दांड्यावर फ्लायव्हील, म्हणजे वेग टिकवणारं जड चाक. पेल्टन टर्बाइन (पाण्याच्या फवाऱ्यानं चाकावरच्या बकेटा फिरवणारं) असेल तर फवाऱ्यासमोर येणारा डिफ्लेक्टर: तो एक-दोन सेकंदांत फवारा बकेटांवरून बाजूला वळवतो आणि फवाऱ्याच्या तोंडातली सुई मागाहून सावकाश बंद होते. मोटारींना सॉफ्ट स्टार्टर किंवा व्हीएफडी (मोटार हळूहळू सुरू करणारी उपकरणं) सक्तीचा. आणि आमच्या मते सर्वांत शहाणा उपाय म्हणजे विजेवर चालणारा बॉयलर. ग्रीनलंडमध्ये जादा विजेवर बॉयलर चालवून गावाच्या गरम पाण्याच्या जाळ्याला उष्णता देतात. कॉम्प्रेसर सुरू होताना बॉयलरचा तेवढा भार क्षणात सोडता येतो, घरांच्या रेडिएटरला पत्ताही लागत नाही. एका मोठ्या मशीनऐवजी दोन लहान घ्यावीत, हेही त्यातच आलं. एक दुरुस्तीला उघडलं तरी गाव अंधारात जात नाही.

मग डिझेल सेट विकून का टाकत नाहीत? आणि सौर का नाही? (वाचक, वाशी)

सौर आधी. इलुलिसातला नोव्हेंबरच्या अखेरीस मावळलेला सूर्य जानेवारीच्या मध्यावर दिसतो. वसंतात बर्फावरून परावर्तन होऊन पॅनेल चांगली वीज देतात, तेव्हा तळ्याचं पाणी वाचतं, एवढाच त्याचा उपयोग. पण तो आहे.

डिझेल विकायचं नाहीच. गाव आणि केंद्र यांच्यात बहुतेक वेळा एकच वाहिनी असते. नूकच्या वाहिनीला तर आमेरालिक फ्योर्ड ओलांडताना पाच किलोमीटरहून लांबीचा एकच गाळा (दोन मनोऱ्यांमधली अधांतरी तार) आहे, जगातल्या सर्वांत लांब गाळ्यांपैकी तो एक. हिमवादळात तार तुटली तर दुरुस्तीचं पथक पोचायला दिवस लागतात. तेवढ्या काळात घरातले पाण्याचे नळ गोठून फुटतात. डिझेलचा हिशोब असा: लिटरला साडेतीन ते चार युनिट. १ मेगावॉटला रोज साधारण साडेसहा हजार लिटर. किमान चार-सहा आठवड्यांचं डिझेल टाकीत पडून हवं, आणि तेही थंडीतलं. साध्या डिझेलमधलं मेण थंडीत गोठून फिल्टर बंद करतं. कॅनडाच्या नुनावुतमध्ये सगळ्या वस्त्या डिझेलवरच चालतात, वर्षभराचं इंधन उन्हाळ्यात समुद्र मोकळा झाला की जहाजानं येतं. त्यांच्याकडे पाहिलं की जलविद्युत केंद्राची किंमत कळते. सेट दर महिन्याला भारावर चालवून पाहावा, नुसता रिकामा घरघरवून काही कळत नाही.

पेनस्टॉक गोठण्याची भीती किती खरी? आमच्या कारखान्यात थंड पाण्याच्या लाइन असतात म्हणून विचारतो. (वाचक, सीबीडी बेलापूर)

वाहत्या पाण्यात भीती कमी, थांबलेल्या पाण्यात पूर्ण खरी. घर्षणानं पाणी तापतं म्हणतात, पण दहा मीटर हेड घर्षणात गेलं तरी पाणी अंशाच्या जेमतेम दोन-अडीच शतांश तापतं. त्यावर विसंबू नये. नळाला आवरण हवं, किंवा तो जमिनीत किंवा खडकातल्या बोगद्यात हवा. इलुलिसातचं वीजघर कायम गोठलेल्या डोंगराच्या पोटात आहे.

मशीन ट्रिप झालं (आपोआप बंद पडलं) तर बायपास व्हॉल्व उघडून थोडं पाणी वाहतं ठेवायचं. काही तासांच्या खोळंब्याला तेवढं पुरतं. नळ रिकामा करायचीच वेळ आली, तर सर्वांत घातक चूक एकच: हवानळी न तपासता ड्रेन उघडणं. वरच्या गेटच्या मागे उभी हवानळी असते, पाणी उतरतं तेव्हा तिच्यातून हवा आत यायला हवी. नळातली दमट हवा या नळीतून वर येते आणि तोंडाच्या आतल्या अंगाला दहिवराचा थर धरते. थर वाढत वाढत तोंड बुजतं. बाहेरून बघणाऱ्याला नळी धडधाकट दिसते. अशा वेळी खालचा ड्रेन उघडला की नळात निर्वात तयार होतो, बाहेरची हवा चौरस मीटरला दहा टनांपर्यंत दाब देते, आणि पातळ पत्र्याचा मोठ्या व्यासाचा नळ काही क्षणांत चेपून सपाट होतो. आतला दाब सोसायला बांधलेला नळ बाहेरचा दाब सोसेलच असं नाही.

म्हणून क्रम ठरलेला. आधी माणूस वर जाऊन हवानळीत दिवा सोडून पाहील, दहिवर असेल तर गरम हवेनं काढेल. नळीच्या तोंडाशी कापडाची पट्टी बांधेल. मग वरचं गेट सावकाश बंद. मग खालचा ड्रेन पाव वळण. वरच्यानं पट्टी आत ओढली जातेय असं वायरलेसवर सांगितलं तरच ड्रेन पुढे उघडायचा. पट्टी लोंबतच राहिली किंवा वरचा दाबमापक शून्याखाली गेला, तर ड्रेन तत्काळ बंद. नळ रिकामा झाल्यावर ड्रेन उघडाच ठेवायचा, कारण गेट थोडं तरी झिरपतं आणि ते पाणी तळाशी गोठून बसतं. पुन्हा भरताना घाई नको. गार पत्र्यावर पहिलं पाणी बर्फ होऊन चिकटतं, म्हणून जमल्यास कमी थंडीचा दिवस निवडावा किंवा आत आधी गरम हवा सोडावी.

मुळशीत लोकांनी धरणाविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह केला. तिकडच्या लोकांचं काय? (वाचक, नौपाडा)

हा प्रश्न आला याचा आनंद आहे. ग्रीनलंडच्या केंद्रांनी बहुतेक नैसर्गिक तळ्यांचाच वापर केला, आणि वस्ती किनाऱ्याला असल्यानं गावं उठवावी लागली नाहीत. कॅनडाच्या उत्तरेत चित्र वेगळं. तिथे जलाशयाखाली गेलेली जमीन आदिवासींच्या शिकारीची आणि सापळे लावण्याची होती. शिवाय झाडोरा आणि दलदल पाण्याखाली गेली की कुजताना मिथाइल पारा तयार होतो, तो माशांत साठतो आणि अनेक वर्षं राहतो. मासे हेच मुख्य अन्न असलेल्या माणसांसाठी ही गंभीर गोष्ट आहे. नवी जमीन कमीत कमी बुडवणं, म्हणजे पातळी चढवण्याऐवजी खालून बोगद्यानं तळ्याला तोंड पाडून पाणी घेणं, हा मार्ग आम्हाला बरा वाटतो. त्याचबरोबर लोकांची संमती बांधकामाआधी घ्यायला हवी.

आणखी एक धडा टॅल्ट्सन नदीवरच्या केंद्राचा. कॅनडाच्या वायव्य प्रदेशातलं हे १८ मेगावॉटचं केंद्र १९६० च्या दशकात पाइन पॉइंटच्या शिसं-जस्ताच्या खाणीसाठी उभारलं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस खाण बंद पडली आणि आसपासच्या लहान गावांना पुरून उरेल इतकी वीज मागे राहिली. मोठा गिऱ्हाईक एकच असेल तर तो गेल्यावर काय, हे आराखड्यातच लिहिलेलं असावं.

गोठलेल्या जमिनीत अर्थिंग नीट मिळतं का? (लाइनमन, घणसोली)

आपल्यासारखा तीन मीटरचा रॉड ठोकून नाही मिळत. गोठलेल्या मातीचा रोध हजारो ओहम-मीटरपर्यंत जातो. उन्हाळ्यात वरचा थर वितळतो तेव्हा रीडिंग बरं येतं आणि फसवतं. आपण अर्थिंग मे महिन्यात, जमीन कोरडी असताना तपासावं म्हणतो, तसं तिथे मार्च-एप्रिलमध्ये, जमीन सर्वांत खोल गोठलेली असताना मोजावं. उघडी तांब्याची तार तळ्याच्या किंवा टेलरेसच्या (टर्बाइनमधून पाणी बाहेर पडतं त्या कालव्याच्या) तळाशी, बर्फ पोचणार नाही इतकी खोल सोडतात. वीजघराच्या काँक्रीटमधल्या सळया आणि पोलादी पेनस्टॉकही तिला जोडतात. वाहिनीवर अखंड अर्थ वायर ओढून सगळे खांब एकत्र बांधतात. खांब उथळ रोवला तर दर हिवाळ्यात माती फुगून त्याला थोडा थोडा वर उचलते, म्हणून खड्डा वितळणाऱ्या थराच्या बराच खाली नेतात किंवा खांब खडकात बोल्टनं धरतात.

तुमच्या कामाची गोष्ट: तुटलेली तार कोरड्या बर्फावर पडली तर करंट इतका कमी जातो की साधा ओव्हरकरंट रिले (जादा प्रवाह ओळखून वाहिनी बंद करायला लावणारं उपकरण) उचलतच नाही. तार जिवंत राहते, आणि वरून नवा बर्फ पडला की दिसतही नाही. त्यासाठी संवेदनशील अर्थ फॉल्ट रिले वेगळा लावतात आणि त्याची सेटिंग हिवाळ्यातल्या रीडिंगवरून ठरवतात. वादळानंतर वाहिनी पुन्हा चार्ज करण्याआधी पूर्ण लांबीची पाहणी होते. तोवर गाव डिझेलवर चालतं, आणि वाहिनीखालच्या वाटेवरून स्नोमोबाइल न्यायला मनाई असते.